पूर्ण नाव, पूर्ण पत्ता

बुरोंडी
२० नोव्हेंबर १९९८

हेमाबाईंना सोनूबाई बाळा चोगले, मु. पो. बुरोंडी, ता. दापोली, जि. रत्नागिरी, हिचा वाकून नमस्कार.

बाई, हे माझं पहिलं पत्र. तुमची बदली झाली त्या दिवशी तुम्ही म्हणालात, साक्षरता वर्ग संपला तरी अक्षर गंजू देऊ नको, मला पत्र टाक. म्हणून टाकते. लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी नुसतं नाव-गाव झालं आणि हात दुखायला लागला. माशांची टोपली घेऊन दापोलीपर्यंत जाते तेव्हाही इतका दुखत नाही.

मनिषा शेजारी बसून हसते आहे. म्हणते, "आये, नावातच अर्धा कागद भरलास गो, पत्र कुठं हाय?" मी म्हटलं, बाईंनी असंच शिकवलंय, तू गप्प बस. मग गप्प बसली.

वर्गातल्या गंगुबाई आणि कमळा परत अंगठ्यावर आल्या. मी नाही आले. बँकेत पूर्ण नावाची सही केली तेव्हा तिथला साहेब मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मालकांना ते आवडलं नाही, पण मला आवडलं.

उत्तर पाठवा. नाहीतर पत्र पोचलं की नाही ते मला कसं कळणार?

सोनूबाई बाळा चोगले


रत्नागिरी
१ डिसेंबर १९९८

सोनूबाई,

पत्र पोचलं. मधल्या सुट्टीत मी ते सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. माझी नवी मुख्याध्यापिका म्हणाली, तुम्ही बदलून आलात की मिरवायला आलात? मी म्हटलं, दोन्ही.

मनिषेला सांग, हसायचं कारण नाही. नाव म्हणजे माणसाचा सातबारा. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा. यातलं काही गाळलं की माणूस अर्धा राहतो. आपल्या बायकांची नावं लिहितंय कोण? रेशनकार्ड आणि लग्नपत्रिका सोडली तर कुठे नाही. म्हणून जिथे जागा मिळेल तिथे पूर्ण लिहायचं आणि ठळक लिहायचं. मी वीस वर्षं हेच शिकवत आले.

मनिषेची शाळा बंद करू नको. पोर हुशार आहे, फक्त तोंड उघडत नाही. एकदा फळ्यावर माझा गुणाकार चुकला. तिला तो दिसला होता, मला तिच्या डोळ्यांत कळलं, पण वर्गात एक अक्षर बोलली नाही. शाळा सुटल्यावर दाराशी थांबून हळूच म्हणाली, "बाई, सात आठे छप्पन्न." मग पुढेही तसंच. मी चुकायचं आणि तिने दाराशी येऊन सांगायचं. अशी विद्यार्थिनी दुसरी भेटली नाही.

तुझी,
हेमाबाई


रत्नागिरी
१६ जून २००९

सोनूबाई,

आपल्या पत्रांना अकरावं वर्ष चालू आहे. त्यात मार्चमधल्या पत्राइतकं वाईट पत्र मी तुला कधी लिहिलं नव्हतं आणि आजचं तरी जरा बरं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

मनिषाला इथे आधारघरात येऊन तीन महिने झाले. नवऱ्याने, गुणाजीने चुलीवर धरलेला तो डावा हात आता भरून आलाय. दोन बोटं वळत नाहीत, ती वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. वजन वाढलंय. परवा तिने इथल्या बायकांना मांदेली तळून घातली आणि स्वतःही खाल्ली. मी निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले चार दिवस इथेच असते, तेव्हा काळजी करू नको. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती.

१८ ऑगस्टला राजापूरच्या कोर्टात तिची साक्ष आहे. वकील म्हणतात, सगळं तिच्या साक्षीवर आहे. त्या घरातलं दुसरं कुणी बोलणार नाही. ती उभी राहून बोलली तर गुणाजीला शिक्षा होईल, नाही बोलली तर तो सुटेल. आम्ही रोज संध्याकाळी तयारी करतो. मी न्यायाधीश होते आणि मनिषा साक्षीदार. आवाज अजून फुटत नाही, पण फुटेल.

आधारघर कुठे आहे हे मी तुलाही लिहीत नाही, राग मानू नको. नाटे गावच्या त्या सासरच्या माणसांना तिचा माग लागता कामा नये. पोलिसांच्या कागदावरसुद्धा फक्त टपालपेटीचा नंबर आहे. आधारघर चालवणाऱ्या मनस्विनीताईंनी ऑफिसच्या भिंतीवर मोठा कागदच लावलाय: 'कोणत्याही बाईचं सासरचं नाव व गाव बाहेरच्या कागदावर लिहू नये. फक्त पहिलं नाव आणि टपालपेटी.' त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी तो काढून माझ्या अक्षरात लिहून लावला.

हेमाबाई


बुरोंडी
२ जुलै २००९

हेमाबाईंना सोनूबाई बाळा चोगले हिचा नमस्कार.

पत्र वाचलं. 'वजन वाढलंय' ही ओळ चार वेळा वाचली.

फोन करू नका, पत्रच टाका. मोबाइल भावेशकडे असतो आणि भावेश हंगामात नाट्याला गुणाजीच्या होडीवर कामाला जातो. मुलगा माझा, पण मीठ त्याचं खातो. बहिणीचं नाव काढलं की म्हणतो, "घराघरात व्हतं आये, मिटवून टाका." मी त्याला म्हटलं, तुझा हात धर चुलीवर, मग मिटवू. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पोस्टमन बाबू चांगला आहे, पत्र माझ्या हातात देतो.

बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. हे लग्न मीच केलं. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती, नाट्याचं स्थळ आलं, दोन होड्या, पक्कं घर. एवढ्या लांब पोर द्यायची नाही असं सगळे म्हणाले, तरी दिली. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोलली असती कोण जाणे. ती नाही म्हणाली नाही, एवढंच मी धरून बसले.

तुमच्या घरच्या पत्त्यावर सोड्यांची, सुक्या कोळंबीची पुडी पाठवली आहे. तिला द्या. तिला सांगा, कोर्टात मोठ्याने बोल. घरात हळू बोलायला मीच शिकवलं होतं, ते तिथे विसर म्हणावं.

सोनूबाई बाळा चोगले


रत्नागिरी
१२ ऑगस्ट २००९

सोनूबाई,

आधी वाच आणि मग घाबर. घाबरण्यासारखं नाही, असं मला तरी वाटतं.

स्वाइन फ्लूचं तू ऐकलं असशीलच. पुण्यात माणसं दगावली. इथे दुकानांतले मास्क संपले, सगळं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरतंय. काल बँकेत गेले तर रांगेतला प्रत्येक जण दरोडेखोर वाटला. त्यांना मीही तशीच वाटले असणार.

आधारघरात दोघी तापल्या, मग मनिषा तापली. तीन दिवस ताप उतरेना, घसा धरला. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात वेगळ्या कक्षात ठेवा, नमुना पुण्याला तपासायला जाईल. मनस्विनीताई नेमक्या पुण्यात अडकल्यात, म्हणून रिक्षा करून मीच घेऊन गेले. तिथे तोबा गर्दी. फॉर्म भरायला कुणाला फुरसत नव्हती, मीच भरून दिला. कारकून म्हणाला, "बाई, सकाळपासून एवढं सुवाच्य अक्षर बघितलं नाही." एवढ्या काळजीतही मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मनिषा अंगात ताप असून शेजारी उभी राहून बघत होती.

मग तिला आत नेलं आणि मला दाराशीच थांबवलं. संस्थेच्या माणसांनाही आत सोडत नाहीत. मी काचेतून बघत होते. कॉटवर बसून तिने माझ्याकडे बघून हात केला, मग एक बोट हवेत आडवं फिरवायला लागली. परत परत. पंखा लावायला सांगते आहे असं वाटलं, म्हणून नर्सला सांगून लावून घेतला. तरी तिचं बोट फिरतच होतं. ताप डोक्यात गेला की असं होतं.

साक्षीला सहा दिवस आहेत. तोवर उतरेल. सोडे दिले होते, तिने अर्धे इथल्या मुलींना वाटले.

हेमाबाई


बुरोंडी
१६ ऑगस्ट २००९

बाई,

नमस्कार. घाईत लिहिते. गुणाजीचा भावेशला फोन आला होता. भावेश घरात येऊन म्हणाला, "आये, ताय गावली. फ्लूच्या दवाखान्यात हाय. भावोजी आणायला निघालेत."

त्याला कुणी सांगितलं? कोण बोललं? गावातल्या बूथवरून तुमच्या घरी तीनदा फोन केला, नुसता वाजत राहिला. आता पुन्हा जाते. बाई, तुम्ही दवाखान्यात जाऊन तिच्या दाराशी बसा. हे पत्र उशिरा पोचेल हे कळतंय मला, तरी हातून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सोनूबाई


रत्नागिरी
२१ ऑगस्ट २००९

सोनूबाई,

चार दिवस कागद समोर घेऊन बसते आहे.

सतरा तारखेला सकाळी तपासणीचा निकाल आला. फ्लू नव्हताच, साधा ताप होता. मी धुतलेले कपडे घेऊन अकरा वाजता पोचले, तर कॉट रिकामी. तिचा नवरा येऊन सही करून घेऊन गेला होता. मी म्हटलं, अहो, त्याच्यावरच खटला आहे. ते म्हणाले, आम्हाला काय माहीत, नवरा म्हणजे घरचा माणूस, आम्ही बाहेरच्यांना अडवतो. मी विचारलं, ती काही बोलली का? म्हणे, नाही, मुकाट्याने चप्पल घालून गेली.

अठराला कोर्टात मी आणि वकील दोघेच. पुढची तारीख २२ सप्टेंबर पडली. मग पुण्याहून परतलेल्या मनस्विनीताई पोलिसांना घेऊन नाट्याला गेल्या, मीही गेले. मनिषा दारात आली. तोंडावर रुमाल बांधला होता. जमिनीकडे बघून म्हणाली, मी माझ्या मर्जीने आले आहे. मागे सासू उभी होती. पोलिस म्हणाले, बाई सज्ञान आहे, आम्ही काय करणार?

गुणाजीला कळलं ते असं. तापाचा पेशंट सापडला की त्याच्या गावी कळवतात, घरातल्या बाकीच्यांना ताप आहे का बघायला. त्याप्रमाणे अवनी नावाची आरोग्य सेविका त्या घरी गेली आणि म्हणाली, तुमची मनिषा रत्नागिरीत दवाखान्यात आहे, इथे कुणाला खोकला वगैरे? तिला पत्ता दवाखान्याच्या यादीतून मिळाला. यादीत तो कसा गेला याची चौकशी मनस्विनीताई करणार आहेत. अशा गर्दीत कोण काय लिहून ठेवतं, कोण जाणे.

तुझ्यासमोर तोंड दाखवायला मला जागा नाही.

हेमाबाई


बुरोंडी
३० ऑगस्ट २००९

हेमाबाईंना सोनूबाई बाळा चोगले हिचा नमस्कार.

असं लिहू नका. तुम्ही केलंत ते सख्ख्या बहिणीने केलं नसतं.

गणपती झाले. गौर आली, पोर आली नाही. शेजारणींनी विचारलं, मी सांगितलं तापाची साथ आहे म्हणून पाठवली नाही. साथीचा तेवढा एक उपयोग झाला.

आता माझं ऐका. त्या अवनीची तक्रार करायची आहे. सरकारी पगार घेते आणि दारोदार जाऊन कुणाची पोर कुठे आहे ते सांगत फिरते! तिची नोकरी गेली पाहिजे. भावेश म्हणतो, सोडून दे. मी नाही सोडणार. माझ्या पोरीचा हात गेला, आता साक्ष पण जाईल, आणि कुणालाच काही होणार नाही, असं कसं?

अर्ज तुम्ही लिहा. तुमचं अक्षर बघून साहेबलोक वाचतील तरी. सही मी करीन, पूर्ण नावाची.

सोनूबाई बाळा चोगले


रत्नागिरी
९ सप्टेंबर २००९

सोनूबाई,

अर्जाची घाई नको. ती सेविका लहान आहे, नवीन लागली आहे. तिला जे काम सांगितलं ते तिने केलं. आपण आधी बावीस तारखेकडे बघू. मनिषा कोर्टात येईल, तिथे तिला आपली माणसं दिसली की धीर येईल. तू नक्की ये. एसटीत तोंडाला रुमाल बांध, हात धू.

माझी प्रकृती जरा नरमगरम आहे. बावीसला यायला जमेल असं वाटतं.

हेमाबाई


बुरोंडी
२७ सप्टेंबर २००९

बाई,

नमस्कार. तुम्ही आला नाहीत. मनस्विनीताई म्हणाल्या, बाईंना ताप आहे. आता बरा असेल.

कोर्टात सगळेच रुमालवाले. कोण आपलं, कोण परकं कळेना. गुणाजीने सुद्धा पांढरा मास्क लावलेला, दवाखान्यातला असतो तसा. मनिषाला तिच्या डोळ्यांवरून ओळखलं. तिने मला बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

नाव विचारलं, तिने सांगितलं. हाताचं विचारलं. म्हणाली, चुलीपाशी पाय घसरला, मीच पडले. वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं. दर वेळी तेच. आवाज मात्र मोठा होता, बाई. सगळ्यांना ऐकू गेला. तुम्ही तयारी चांगली करून घेतली होती.

मी उठून म्हटलं, "सायब, मी आयस हाय तिची, मला बोलायचाय." शिपायाने खाली बसवलं. गुणाजी सुटणार असं वकील म्हणाले.

परत येताना रत्नागिरीत उतरले आणि त्या दवाखान्यात गेले. कारकुनाला म्हटलं, ऑगस्टमधला माझ्या मुलीचा कागद दाखवा, तक्रार करायची आहे. तो म्हणाला, आजी, वाचता येतं का? मी म्हटलं, येतं. त्याने गठ्ठा काढला.

कागद बघितला. वाचला.

तुमच्या अर्जाची वाट बघते.

सोनूबाई


रत्नागिरी
३ ऑक्टोबर २००९

सोनूबाई,

अर्ज लिहिला नाही, कारण तो माझ्याविरुद्ध लिहावा लागेल.

तू काय वाचलंस ते मला पाठ आहे. 'सौ. मनिषा गुणाजी आडिवरेकर, मु. पो. नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी.' ते मी लिहिलं. कारकुनाने मागितलंही नव्हतं एवढं. त्याने फक्त "नाव?" म्हटलं आणि माझा हात सुरू झाला. भिंतीवरचा तो कागद माझ्याच अक्षरातला, नियम मला तोंडपाठ, पण फॉर्मवर रेघ दिसली की ती पूर्ण भरायची, ही तीस वर्षांची सवय. अर्धं नाव लिहिलं तर मुलांना छड्या दिल्यात मी. लिहून झाल्यावर 'नाटे' शब्दातलं अक्षर किती छान आलंय, असंसुद्धा मनात आलं होतं. ते मला आता झोपू देत नाही.

सतरा तारखेला रिकामी कॉट बघितली त्याच क्षणी मला कळलं. तरी तुला लिहिलं, कोण काय लिहून ठेवतं कोण जाणे. तू मला बहीण म्हणालीस तरी मी गप्प. तू त्या पोरीची नोकरी घ्यायला निघालीस, तेव्हा 'घाई नको' असं शहाणपण शिकवलं. बावीस तारखेला मला ताप नव्हता. मी घरात दार लावून बसले होते, तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून.

मनस्विनीताईंना काल सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.

सोनूबाई, मी तुझ्या मुलीला त्या घरात परत पाठवलं. तू मला क्षमा कर असं लिहिणार नाही.

हेमा


बुरोंडी
२० नोव्हेंबर २००९

बाईंना सोनूबाईचा नमस्कार.

दीड महिना पत्र टाकलं नाही. राग होता. अजून आहे, पण आता लिहिता येण्याइतका निवळलाय.

दवाखान्यात त्याने गठ्ठा सोडला तेव्हा मला नाव वाचावंच लागलं नाही. वरचा कागद सरकला आणि खालून तुमचं अक्षर दिसलं. ज्या अक्षरावर गिरवून गिरवून मी शिकले ते मला ओळखू येणार नाही का? मी तिथेच बाकावर बसले. कारकून म्हणाला, बघा, किती सुंदर लिहिलंय. मी म्हटलं, हो.

तुम्हाला तेव्हाच विचारलं असतं. पण म्हटलं, बघू बाई स्वतःहून सांगतात का. सांगितलंत, म्हणून हे पत्र.

दिवाळीनंतर फराळ घेऊन नाट्याला गेले. येताना मला अवनी भेटली. सगळ्या गावाला आता कळलंय काय झालं ते. रस्त्यात माझे पाय धरायला लागली. वीस-बावीस वर्षांची पोर. मी तिची नोकरी घालवणार होते. तिला म्हटलं, जा बाय, तुझी काही चूक नाही.

सासू मासळीच्या लिलावाला गेली होती तेवढा वेळ मनिषा आणि मी मागच्या पडवीत बसलो. अंगावर नवा मार दिसला नाही. पण ती हळू चालते, भिंतीला धरून चालते. मी विचारलं ते असं, जसंच्या तसं लिहिते.

"बाई फॉरम लिवत व्हत्या तवा तू तिथंच व्हतीस ना गो?"

"व्हते."

"बघितलंस काय लिवलं ते?"

"बघितलं. पुरता पत्ता. मला कळलं, ह्ये लिवायचा नाय म्हणून. भिंतीवर तसा कागद व्हता."

"मग बोललीस का नाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कसलं वेड्यासारखं विचारते आहे, असं. म्हणाली,

"बाई लिवत व्हत्या, आये."

बाई, तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ही पोर वर्गात बोलत नाही, दाराशी येऊन सांगते. ते पत्र माझ्या पेटीत आहे, परत काढून वाचलं. ती दवाखान्यातही तुम्हाला दाराशीच सांगणार होती. पण तिला आत नेलं आणि तुम्हाला बाहेर थांबवलं. मग ती काचेतून बोट आडवं फिरवत होती. पंखा नको होता तिला. ती रेघ मारून दाखवत होती. नावावर काट मारा, एवढंच सांगत होती. तुम्ही पंखा लावलात. तिला थंडी वाजत होती म्हणे.

तिने मला शपथ घातली, हे बाईंना सांगू नको, त्यांना लागेल. मी शपथ मोडते. तुम्हाला लागू दे. ती आपल्यासाठी गप्प बसली, कोर्टात बोलली तेही दुसऱ्यांनी ठरवलेलं बोलली. तुमच्याकडे होती तेव्हाही आपण दोघींनी मिळून तिची साक्ष, तिचे सोडे, तिचा फॉर्म सगळं केलं. तिला कुणी विचारलं नाही, बाय, काय लिहू? मी लग्नात विचारलं नाही, तुम्ही दवाखान्यात विचारलं नाही. तुमच्यावर रागावले तर मला माझ्यावरही रागवावं लागतं, मग दमायला होतं.

मनस्विनीताई म्हणतात, तो खटला गेला, पण ती मागेल तेव्हा तिला संरक्षणासाठी नवा अर्ज करता येतो. मी मनिषाला विचारलं, "कोरा अर्ज आणून ठेवू?" लिलावाकडून बायकांचे आवाज यायला लागले तेव्हा म्हणाली, "ठेव आणून." बस, एवढंच. भरीन असं म्हणाली नाही. मी पण विचारलं नाही.

तो अर्ज तुम्ही पाठवा. मनस्विनीताईंकडून मागून घेतला असता, पण तुमच्याकडून आलेला हवा आहे.

सोनूबाई


रत्नागिरी
२८ नोव्हेंबर २००९

सोनूबाई,

तुझं पत्र वाचलं. लागलं. तुला हवं होतं तितकं लागलं.

मी त्या दिवशी काचेपलीकडून जवळजवळ तासभर तिच्याकडे बघत होते. पंखा लागल्यावर बऱ्याच वेळाने तिने बोट खाली घेतलं आणि पांघरूण ओढलं. मला वाटलं, चला, झोप लागली.

सोबत अर्ज पाठवते. मनस्विनीताईंनी दिला. सवयीने पेनाचं टोपण काढून बसले होते. वर नावाची रेघ होती, खाली पत्त्याच्या तीन. टोपण परत लावलं. अर्ज कोरा आहे, नीट बघून घे. माझ्या हातचं त्यावर एक टिंबही नाही. तिने भरला तर भरला. वर्षभर तिच्या पेटीत तसाच राहिला तरी मी विचारणार नाही, तूही विचारू नको. पण तिने विचारलं, तर कुठल्याही दिवशी मी येईन आणि दाराशी उभी राहीन.

पाकिटावर तुझं नाव लिहिताना थांबले. या वेळीही तू खाली नुसतं सोनूबाई लिहिलं आहेस. बाळा जाऊन सहा वर्षं झाली, तरी ऑगस्टपर्यंत मी शिकवलं तसं पूर्ण लिहीत होतीस. तुला ते तसं हवं होतं का, हे अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. कसं लिहू ते कळव. तोवर जुनंच लिहिते, पत्र पोचायला हवं.

हेमा